जनावरांच्या पंच मॅडम

पंच मॅडम निकाल उभ्यानं द्यायच्या. समोर माणूस असो की नुसता मोबाईल, खुर्चीत बसून त्यांनी कधी कुणाला जिंकलेलं किंवा हरलेलं ठरवलं नाही. फोनवर आम्हाला ते दिसायचं नाही, पण ऐकू यायचं. "थांब, निकाल देते," असं म्हणायच्या, खुर्ची मागे सरकायची, मग दुखऱ्या उजव्या गुडघ्यासाठी एक बारीकसा हुंकार, आणि त्यानंतर येणारा आवाज वेगळाच असायचा. घरातला नाही, मैदानावरचा. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली भाऊ म्हणायची, एकदा मला हसत म्हणाले होते, "निकाल देवाना राहिना का ती उभी राहस. जेवतांना फोन उना तरी बी."

पंच हा त्यांचा खरा हुद्दा होता. चोपड्याला मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या, आणि आसपासच्या तालुक्यांत कबड्डीच्या पंच म्हणून वीस वर्षं उभ्या राहिलेल्या. गुडघा गेला आणि मैदान सुटलं. पण माझी आणि त्यांची ओळख कबड्डीतून झाली नाही. ती झाली मोबाईलवरच्या एका खेळातून. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, म्हणून खानदेशात आम्ही सगळे त्याला नुसतं 'जनावरं' म्हणायचो.

जनावरं म्हणजे लढणारे अजस्र प्राणी. प्रत्येक खेळाडूनं चार घेऊन यायचे. एका वेळी दोन्हीकडून एकेकच समोर उभा राहणार, दोघांनी आपापली चाल गुपचूप निवडायची, मग दोन्ही चाली एकदम उघडणार. वाटलं तर चालीऐवजी आपला प्राणी मागे बोलवून दुसरा पुढे पाठवायचा. जळगाव, धुळे, शिरपूर, चोपडा असा आमचा दोनेकशे माणसांचा फोनवरचा ग्रुप होता आणि दिवाळीनंतर जळगावला हॉल घेऊन आमची स्पर्धा व्हायची. काही प्राणी फार जबर आणि काही बिचारे, म्हणून आम्ही त्यांचे गट पाडले होते. ए गटाच्या लढतीत कुणीही उतरवा. बी गटाच्या लढतीत ए मधले चालणार नाहीत. सी गटात ए आणि बी दोन्हीकडचे बाद. कोण कुठल्या गटात, याची एक यादी असायची, आणि ती जो ग्रुपवर जास्त ओरडेल तो ठरवायचा.

मॅडम या खेळात आल्या त्यांच्या मुलीमुळे. मैदानं बंद होती त्या दिवसांत घरी आलेल्या मुलीनं आईच्या फोनवर खेळ घालून दिला. मुलगी चार दिवसांत कंटाळली आणि आई राहिली. ग्रुपवर आल्यावर पंधरा दिवस त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सोळाव्या दिवशी यादीवरून भांडण पेटलेलं असताना त्यांनी एवढंच लिहिलं, "यांचं वजन कोण करतं?"

कुणीच करत नव्हतं. ग्रुप चालवणारे जळगावचे दिलीपभाऊ, मोबाईल दुरुस्तीचं दुकान सांभाळून सगळ्यांचा राग झेलणारे गृहस्थ, त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि यादी मॅडमच्या हवाली केली.

त्यांची पद्धत सोपी होती आणि कुणालाच आवडली नाही. एखाद्या प्राण्याचा गट बदलावा असं वाटतंय? त्याला घेऊन शंभर लढती खेळ आणि शंभरच्या शंभर पाठव. मत पाठवू नको. कुणी लिहिलं की "मॅडम, हा सगळ्यांना हरवतो," तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: "जिंकतो किती ते नंतर सांग. त्याच्या धाकानं समोरचा घरून काय घेऊन येतो ते आधी सांग." हे वाक्य मला कळायला वर्ष गेलं. जबर प्राणी तो नव्हे जो लढत जिंकतो. जबर तो, ज्याच्यामुळे समोरच्याला आपल्या चारांतले दोन निव्वळ त्याच्या भीतीनं निवडावे लागतात.

मी तेव्हा धुळ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नुकतीच लागले होते. दिवसभर रक्ताच्या नळ्या, आणि मधल्या सुट्टीत जनावरं. माझा जीव जडला होता चिखल्यावर. पाणमांजरासारखा, अंगभर चिखल थापलेला, संथ प्राणी. चिखलात लोळला की त्याच्या जखमा भरून यायच्या. तो सी गटात होता आणि ते मला अपमानासारखं लागायचं. एकदा मी त्याला घेऊन बी गटातल्या एका चांगल्या खेळाडूला हरवलं आणि त्याच दुपारी मॅडमना लिहिलं की चिखल्याला वर घ्या. "शंभर पाठव," उत्तर आलं. मी बारा पाठवल्या.

त्यांचा फोन आला. पहिलाच. "या बारा निवडून काढलेल्या आहेत. हरलेल्या कुठे ठेवल्या?"

मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला चिखल्या खेळवताच येत नाही, म्हणून तुम्ही त्याला खाली ठेवलाय."

त्या म्हणाल्या, "रविवारी ये. खेळवून दाखव."

मी खरंच गेले. धुळ्याहून अमळनेर, तिथून दुसरी एसटी, तापीचा पूल ओलांडून चोपडा. बसमध्ये सगळा वेळ मी मनातल्या मनात भांडत होते. दार उघडल्यावर समोर पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली, गळ्यात काळ्या दोरीत शिट्टी अडकवलेली बाई. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "इतली दूरतीन उनी, आधी जेवी ले. भांडन नंतर." वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी झाली, भाऊंनी आग्रह करून तूप वाढलं, आणि मग ओट्यावर चटई टाकून आम्ही फोन समोरासमोर धरले.

वीस लढती झाल्या. चिखल्या चौदा हरला. मॅडमनी बी गटातले अगदी साधे प्राणी आणले होते, कुठलीही हुशारी केली नव्हती. दहाव्या लढतीला माझे डोळे भरून आले आणि मी म्हटलं, बस झालं. त्या म्हणाल्या, "वीस ठरलं होतं." आम्ही वीस खेळलो.

शेवटची संपल्यावर त्या उठल्या. मी बसूनच होते. "चिखल्या, सी गट, कायम," त्या म्हणाल्या, आणि मग खाली बसून, साध्या आवाजात, "तो उतरायच्या आधी दुसऱ्या दोघांना त्याच्यासाठी वाट करून द्यावी लागते. पाहिलंस ना? बी गटात तेवढा वेळ कुणी देत नाही. सी गटात देतात. खाली ठेवला म्हणजे हिणवला असं नाही गं. त्याला खेळता येईल असं मैदान दिलं."

मग त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शाळकरी मुलींचे सामने होते आणि वजनं घ्यायचं काम यांच्याकडे होतं. एका संघातली मुलगी काट्यावर दोन किलो जास्त भरली. संघाचे सर हात जोडायला लागले, संयोजक म्हणाले कपड्यांचं असेल, मुलगी रडायला लागली. "मी काटा पुन्हा पाहिला. दोन किलोच होते. खेळू दे म्हणून मी सही केली." दुपारच्या सामन्यात त्या मुलीनं चढाईला आलेल्या एका किडकिडीत पोरीला पकडलं आणि दोघी खाली पडल्या. किडकिडीत पोरीच्या खांद्याचं हाड मोडलं. "हाड सांधलं. पण ती पोरगी मला पुढे कुठल्याच मैदानावर दिसली नाही. कुणी मला दोष दिला नाही बरं. खेळात लागतंच, असं सगळे म्हणाले."

त्या दिवशी मी परतीच्या बसमध्ये भांडले नाही. पुढच्या दोन महिन्यांत चिखल्याच्या शंभर लढती मी पाठवल्या, हरलेल्या सकट, गट बदलावा म्हणून नव्हे तर नुसत्या त्यांनी पाहाव्यात म्हणून. त्यांनी एकेक पाहिली. कुठे चुकले ते कळवलं, कुठे बरोबर होते तेही. वर्षभरानं यादी ठरवायला तिघांचं मंडळ झालं, दिलीपभाऊ, मॅडम आणि तिसरी मी. माझं नाव मॅडमनी सुचवलं होतं. मला आनंद झाला तो लपवता आला नाही. मॅडम म्हणाल्या, "हसून घे. आता तुला कुणी आवडणं बंद."

पण मला चिखल्या आवडायचाच. आणि त्याला एक जोडीदारीण मिळाली होती. कोळशी.

कोळशी ही काळी, छोटी, कोल्ह्यासारखी मादी. खेळात नव्यानं आलेली, दिसायला किरकोळ, म्हणून आपसूक सी गटात पडली होती. तिच्या अंगातून धूर निघायचा, आणि त्या धुरात समोरच्याला आपला प्राणी मागे बोलावता यायचा नाही. जो समोर अडकला तो अडकला. सी गटात चिखल्याचा एकमेव वैरी होता फुलकाटा नावाचा काटेरी वेल. मी आधी कोळशी पाठवायचे, ती फुलकाट्याला धुरात अडकवून संपवायची, आणि मग चिखल्याला मैदान मोकळं. मी हरेनाशी झाले. बऱ्याच जणांनी हीच जोडी उचलली.

स्पर्धेला पंधरा दिवस होते तेव्हा मॅडमनी मंडळाचा फोन लावला. तिघं एकत्र. त्यांनी कोळशीच्या शंभर लढती स्वतः खेळल्या होत्या. "सी गटात जो येतो तो चारांतले दोन तिच्या धाकानं घेऊन येतो. कोळशी बी गटात जायला हवी. आज."

दिलीपभाऊंनी विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं वेडंवाकडं नव्हतं. "मॅडम, लोकांनी तीन महिने सराव केलाय. पंधरा दिवस राहिले असताना नियम बदलायचा, हाही अन्यायच ना? स्पर्धा होऊ द्या. नंतर लगेच घेऊ वर."

"ज्यांनी सराव केला त्यांचं तुम्ही बोललात. जे पहिल्यांदा येणार त्यांचं कोण बोलणार?"

मग दोघंही थांबले, कारण आता मत माझं होतं. मला उत्तर माहीत होतं. मॅडमच्या शंभर लढती मी पाहिल्या होत्या, एकीतही खोट नव्हती. पण त्या वर्षी सी गट मी जिंकणार होते, हेही मला माहीत होतं. मी म्हटलं, "दिलीपभाऊंचं बरोबर वाटतं. स्पर्धेनंतर."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "दोन विरुद्ध एक. कोळशी सी गटातच राहील. स्पर्धेनंतर फेरविचार."

त्यांनी ते ग्रुपवर स्वतः जाहीर केलं. आपलं मत उलट होतं याचा उल्लेखही नाही. कुणीतरी चिडून लिहिलं की मॅडम, तुम्हीच शिकवलेलं तुम्हीच विसरलात. त्यांनी उत्तर दिलं, "मंडळाचा निर्णय आहे. मंडळात मी आहे." मी ते वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

जळगावच्या हॉलमध्ये सी गटात चोवीस जण होते. मॅडम पांढऱ्याशुभ्र पंजाबी ड्रेसमध्ये, शिट्टी गळ्यात, टेबलांमधून फिरत होत्या. पहिल्या फेरीत माझ्यासमोर एक अनोळखी बाई आली. तिशीची असेल. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर आशा कार्यकर्ती होती, म्हणून सगळे तिला आशाताईच म्हणत होते. पहाटे निघून, दोन गाड्या बदलून आली होती. पहिल्यांदाच स्पर्धेत उतरत होती. मला नमस्कार केला, पर्समधून रुमाल काढून फोनची काच पुसली आणि बसली.

तीनांतल्या दोन लढती जिंकायच्या होत्या. मी कोळशी पाठवली. धूर झाला. आशाताईनं आपला प्राणी मागे बोलवायचं बटण दाबलं, चाललं नाही. पुन्हा दाबलं. माझ्याकडे पाहिलं, जणू फोन बिघडलाय का असं विचारावं. मी स्क्रीनकडे पाहत राहिले. दुसऱ्या लढतीतही तेच. दहा-अकरा मिनिटांत सगळं संपलं. ती म्हणाली, "बरं." फोन रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि दाराशी बसलेल्या माणसाला विचारलं, शिरपूरकडे जायला गाडी किती वाजता आहे.

संध्याकाळी सी गट मी जिंकला. मॅडमनी माझा हात धरून वर केला, नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. हात खाली घेताना त्यांनी हळूच विचारलं, "पहिल्या फेरीतली ती बाई कुठे गेली?"

"गेली ती. लगेच."

"जेवली?"

मला माहीत नव्हतं. हॉलमध्ये सगळ्यांसाठी जेवण होतं, आणि मी खाली मान घालून पोटभर जेवले होते.

चषक मी लॅबमध्ये नेला नाही, घरीही कपाटावर ठेवला नाही. चार दिवस मी खेळ उघडला नाही. पाचव्या दिवशी बसले आणि कोळशीच्या शंभर लढती मोजून खेळायला सुरुवात केली. या वेळी दुसऱ्या बाजूनं. माझ्या चारांत कोळशी नाही, आणि तिच्यावर उतारा म्हणून आणलेलं काहीही नाही. नवीन माणूस येईल तशी मी येत गेले. अडकत गेले, हरत गेले. मागे बोलवायचं बटण दाबलं की काहीच होत नाही, तेव्हा हातात कसं वाटतं ते मला पहिल्यांदा कळलं. पन्नासच्या पुढे राग आला, ऐंशीच्या पुढे नुसता थकवा. शंभर झाल्यावर सगळ्या मंडळाला पाठवल्या आणि खाली लिहिलं: 'कोळशी बी गटात घ्यावी. मागच्या वेळी मी चुकीचं मत दिलं. मला माहीत असून दिलं.'

दिलीपभाऊंनी लगेच होकार कळवला. मॅडमचा फोन आला. "कोळशी गेली की तुझा चिखल्या बसतो."

"हो."

"बरं. रविवारी मोकळी आहेस का? शिरपूरला जायचंय."

मला आधी कळलंच नाही. आशाताईच्या फॉर्मवर गावाचं नाव होतं. फोन लागत नव्हता, आठ दिवस मॅडम लावत होत्या. "फोनवर सांगायची गोष्टही नाही ती," त्या म्हणाल्या. भाऊ कुरकुरले की या गुडघ्यानं कुठे डोंगराकडे निघालीस, तर त्यांनी गुडघ्याचा पट्टा आणखी एक घर आवळला आणि चपला घातल्या.

शिरपूरहून पुढे वडापच्या जीपमध्ये आम्ही दोघी मागच्या बाकावर. दोन्ही बाजूंना वेचून झालेला कापूस उभा होता आणि पुढे डोंगर जवळ येत होता. मॅडम बराच वेळ बाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "त्या हाड मोडलेल्या पोरीचं घर मला माहीत होतं. बसनं तासाभराचं अंतर. मी गेले नाही. जाऊन काय सांगायचं, असं वाटलं. काय सांगायचं ते माहीत होतं, पण गेले नाही."

आशाताई अंगणात तूर झोडत होती. आम्हाला पाहून घाबरली. "माझं काही भरायचं राहिलं होतं का मॅडम? फॉर्म चुकला का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. तिनं पुढे केलेल्या खाटेवर त्या बसल्या नाहीत. "मी त्या दिवशीची पंच. तुमच्यासमोर जो प्राणी आला, तो त्या गटात असायलाच नको होता. आम्हाला ते कळलेलं होतं. तरी आम्ही त्याला ठेवला. तुम्ही हरला नाहीत, आमचा गट चुकला होता. हे सांगायला आलो."

मी म्हटलं, "त्या प्राण्याला ठेवायचं मत माझं होतं. आणि जिंकलेही मीच."

आशाताई हातातली काठी धरून उभी होती. आधी मॅडमकडे, मग माझ्याकडे बघितलं. "एवढ्यासाठी आल्या? इथवर?"

"एवढ्यासाठीच."

ती हसली नाही, पण तिचे खांदे खाली आले. तुरीचा ढीग पायानं बाजूला सारत ती सावकाश म्हणाली, "माले वाटनं, माले खेळताच येत नही. दोन वरीस मी आठे एकटी खेळनू, आन तठे दहा मिनिटमा बठ्ठं गयं. मी तो खेळ काढी टाका होता फोनमधून. परवा परत टाका." मग जरा लाजून, "झोप नही ये ना त्याबिगर."

"चला मग," मॅडम म्हणाल्या. "खेळू."

"आठे रेंज नही. वर चढनं पडस."

पाड्याच्या मागच्या टेकाडावर, पाण्याच्या टाकीपाशी रेंज यायची. मॅडम ते टेकाड कशा चढल्या ते मी पाहिलं. दर दहा पावलांना थांबायच्या, मी हात पुढे केला की नको म्हणायच्या, आणि पुन्हा निघायच्या. टाकीच्या सावलीत आशाताई आणि मी दगडांवर बसलो. कोळशी मी घरीच ठेवली होती.

तेव्हा मला आशाताईचा खेळ दिसला. ती मारायची घाई करतच नव्हती. माझी चाल यायच्या आत तिचा प्राणी मागे गेलेला असायचा आणि ज्याला त्या चालीचं काहीच वाटत नाही असा दुसरा पुढे उभा. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. घरोघर फिरणाऱ्या बाईनं कुणाच्या दारी कधी जायचं हे जसं ओळखावं, तसं ती माझी प्रत्येक चाल आधी ओळखत होती. सगळा खेळच मागे बोलावण्यावर उभा होता. म्हणजे जळगावच्या हॉलमध्ये मी तिला हरवलं नव्हतंच. तिला येत असलेली एकुलती एक गोष्ट आम्ही तिच्या हातातून काढून घेतली होती, आणि मग तिला खेळ म्हटलं होतं.

तिनं मला दोन्ही लढतींत हरवलं. चिखल्या दुसऱ्या लढतीत बराच वेळ टिकला, पण गेला. आशाताई जिंकल्यावर पहिल्यांदा मोकळी हसली, आणि मग धावत खाली जाऊन आमच्यासाठी ताज्या तुरीच्या शेंगा उकडून घेऊन आली. मॅडम टाकीला पाठ लावून शेंगा सोलत बसल्या होत्या. जीपची वेळ झाली तरी उठेनात. मी आठवण केली तेव्हा म्हणाल्या, "बसू दे गं जरा. बरं वाटतंय."

पुढच्या स्पर्धेत सी गट आशाताईनं जिंकला. त्याच्या पुढच्या वर्षी दिलीपभाऊ मंडळातून बाजूला झाले आणि त्यांच्या जागी ती आली. कोळशी बी गटात गेली आणि तिथे अगदी साधी ठरली, मधल्या फळीतली. मॅडमनी तिच्याही बी गटातल्या शंभर लढती खेळून पाहिल्या, चुकून खूप वर तर नाही ना ठेवली म्हणून.

यंदा उन्हाळ्यात मॅडम सुरतला गेल्या. मुलगी तिथे आहे, गुडघ्याचं मोठं ऑपरेशन तिथेच करायचं ठरलं, आणि भाऊंनाही आता एकट्यानं शेतातल्या केळीचं बघणं होत नव्हतं. शेत कसायला दिलं, घराला कुलूप लावलं. अमळनेरच्या स्टेशनवर मी त्यांना भेटायला गेले. भाऊ पाणी आणायला गेले होते. मॅडम बाकावर, दोन पिशव्या आणि एक काठी. मी म्हटलं, "सुरतहूनही यादी बघता येईल की मॅडम. फोनच तर आहे."

"नाही. मैदानाबाहेर गेलेल्या पंचानं बाहेरून ओरडू नये. मी आज ग्रुपमधून निघाले." मग माझ्याकडे वळून, "एक काम कर. यादीच्या खाली माझं नाव आहे, ते काढ."

"का? लोक त्या नावामुळे यादी मानतात."

"म्हणूनच काढ. माझं नाव पाहून मानायला लागलेत. तपासत नाहीत कुणी. मागच्या वेळी दोन प्राणी चुकीच्या गटात गेले होते, महिनाभर कुणी विचारलं नाही मला. मलाच सापडले."

गाडी आली. भाऊंनी पिशव्या आत ठेवल्या, मी मॅडमना दंडाला धरून चढवलं. या वेळी त्यांनी नको म्हटलं नाही. खिडकीशी बसल्यावर त्या म्हणाल्या, "आशाला मंडळात पुढे कर. ती चूक ऐकून घेते. तू अजून जरा चिडतेस." आणि गाडी हलल्यावर हात न हलवता नुसत्या बघत राहिल्या, प्लॅटफॉर्म संपेपर्यंत.

धुळ्याच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. मी फोन काढला, यादी उघडली आणि खालची ओळ खोडली. नाव गेलेलं पाहून डोळ्यांत पाणी आलं, ते येऊ दिलं. मग नवीन यादी ग्रुपवर टाकली. पाच मिनिटंही झाली नसतील, तोच आशाताईचा मेसेज आला. ती टेकाडावर असावी.

'शिंपल्याना गट चुकेल शे. तू लावेल शे ना तो?'

शिंपल्या मीच बी गटात घातला होता, गेल्याच आठवड्यात, पुरतं तपासून. माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं. मी ते गिळलं, मांडीवरची पर्स बाजूला ठेवली, नीट बसले आणि लिहिलं, 'दाखवा.'